पेडल सोडलं तरी तार जागेवर येत नाही: ई नाइन पेडल स्टीलचं जुनं दुखणं

पेडल स्टील म्हणजे आडवं ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवून वाजवायचं गिटार; त्यात पायाची पेडलं आणि गुडघ्याचे लिव्हर दाबून तारांचे सूर बदलतात, आणि ई नाइन ही त्याच्या दहा तारांची एक मांडणी. लक्षण आधी सांगतो, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय हे नक्की होईल. ट्यूनर लावून दहाच्या दहा तारा मिळवल्या. खुला ई कॉर्ड छान वाजला. ए आणि बी ही दोन पेडलं एकत्र दाबली आणि कॉर्ड आंबट झाला. पेडलं सोडली, गुडघ्याचा एक लिव्हर दाबून सोडला, तर मघाशी मिळवलेली चौथी तार किंचित उतरलेली. ती खुंटीने वर घेतली. मग दुसरा लिव्हर दाबून सोडला, तर तीच तार आता चढलेली. पुन्हा खाली घेतली. अर्ध्या तासाने एकही तार दुसरीशी बोलायला तयार नाही आणि तुम्ही वाद्य विकायच्या विचारात.

मी टेनेसीत पहिला हिवाळा असाच घालवला. जुनं, एका मानेचं, तीन पेडलांचं आणि चार लिव्हरचं वाद्य घेतलं होतं. एका दुकानात दाखवलं. तिथल्या माणसाने खालच्या सगळ्या स्प्रिंगा आवळून दिल्या. त्यानंतर लिव्हर इतके जड झाले की गुडघा दुखायला लागला, आणि बेसूरपणा होता तिथेच राहिला. कारण स्प्रिंग हा माझ्या वाद्याचा आजारच नव्हता. वेगवेगळे तीन आजार कानाला सारखेच ऐकू येतात: यंत्रातला अडथळा, पेटीचं (म्हणजे वाद्याच्या अंगाचं) वाकणं आणि सुरांचा हिशोब. खुंटी पिळून यांतला एकही बरा होत नाही. म्हणून कोणता आजार आहे हे ओळखेपर्यंत खुंटीला हात लावू नका.

आपल्या वाद्याची मांडणी ओळखा

ई नाइनच्या तारा वाजवणाऱ्यापासून सर्वांत दूरच्या तारेकडून मोजतात: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. पहिल्या दोन तारा तिसरीपेक्षा खालच्या सुराच्या आहेत. नवख्याला तक्त्यात छपाईची चूक वाटते, पण तसंच असतं. ए पेडल पाचवी आणि दहावी तार बी वरून सी शार्पला नेतं. बी पेडल तिसरी आणि सहावी तार जी शार्पवरून ए ला नेतं. सी पेडल चौथी ई वरून एफ शार्पला आणि पाचवी बी वरून सी शार्पला. एका लिव्हरवर चौथी आणि आठवी तार ई वरून एफ ला चढते, दुसऱ्यावर त्याच दोन तारा डी शार्पला उतरतात. बाकीचे लिव्हर माणसागणिक बदलतात.

पेडलांच्या क्रमाच्या दोन पद्धती आहेत, बडी एमन्स आणि जिमी डे या वादकांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या. एमन्स पद्धतीत डावीकडून ए, बी, सी. डे पद्धतीत सी, बी, ए. ई ला एफ करणारा लिव्हर ए पेडलबरोबर फार वापरला जातो, म्हणून पाय ए कडे झुकला की गुडघा ज्या बाजूला जातो त्याच बाजूला तो बसवतात: एमन्समध्ये डाव्या गुडघ्याच्या डावीकडे, डेमध्ये उजवीकडे. हे सांगायचं कारण माझीच फजिती. माझं वाद्य डे पद्धतीचं, हातात तक्ता एमन्सचा. दोन दिवस मी सी पेडलला ए पेडल समजून त्याचे सूर लावायचे नट फिरवत होतो. पाचवी तार दोन्हींवर सी शार्पलाच जाते, त्यामुळे संशय यायलाही वेळ लागला. जुनं वाद्य घेतलंत तर आधी एकेक पेडल दाबून कोणती तार कुठे जाते ते कागदावर लिहून काढा. तो कागद वाद्य ठेवायच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

चौथ्या तारेची चाचणी

चौथी तार निवडायचं कारण असं की ती चढतेही आणि उतरतेही. ट्यूनरला वाद्य केबलने जोडा. फोनच्या माइकवर हे काम होत नाही. दर वेळी तार सारख्याच जोराने छेडा आणि आघातानंतर क्षणभर थांबून आकडा वाचा, कारण आघाताच्या क्षणी सूर थोडा वरच असतो.

तार मिळवा. एफ चा लिव्हर तीनदा दाबून सोडा. खुल्या तारेचा आकडा लिहा. मग डी शार्पचा लिव्हर तीनदा दाबून सोडा. पुन्हा आकडा लिहा. एवढ्यावर बरंच निदान होतं.

चढवून सोडल्यावर तार उतरलेली आणि उतरवून सोडल्यावर चढलेली मिळाली, तर दोष नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात तिथे (पेडलांचे सूर लावायचे नट वेगळे, ते पुढे येतील). ज्यांनी तंबोरा मिळवलाय त्यांना हे लगेच कळेल. मणी सरकवला तरी तार तारगहनात अडकून बसते आणि मग टचकन उडी मारते, तेच हे. लिव्हर दाबला की तार चेंजरकडे, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या तार ओढणाऱ्या यंत्राकडे, ओढली जाते आणि नटामागचा थोडासा भाग पुढे सरकतो. लिव्हर सोडल्यावर घर्षणामुळे तो मागे परत जात नाही. वाजणाऱ्या लांबीत तेवढी तार जास्त उरते, ताण कमी होतो, सूर उतरतो. उतरवताना बरोबर याच्या उलट.

उपाय स्वस्त आहे. तार सैल करून नटावरची छोटी चाकं बोटाने फिरवून बघा. माझी दहापैकी तीन फिरतच नव्हती. आधीच्या मालकाच्या काळापासूनचा मळ साचला होता. चाकं काढून पुसा आणि आसावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्या. एकच थेंब, जास्त तेल धूळ धरतं. प्रत्येक चाकाची खाच तिच्या तारेच्या जाडीची असते, म्हणून काढलेल्या क्रमानेच परत बसवा. खुंटीवरचे वेढे एकमेकांवर चढलेले असतील तर तेही असाच खेळ करतात. एवढं करून एक-दोन सेंटचा फरक राहिला तर त्यासोबत जगायला शिका. (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग.) एफ चा लिव्हर सोडल्यावर डी शार्पचा लिव्हर हलकेच टिचकावला की तार पुन्हा मधे येते. बरेच वादक हे नकळत करत असतात.

चढवून सोडल्यावर तार चढलेलीच राहिली, तर दोष दुसऱ्या टोकाला, चेंजरमध्ये. तार ज्या धातूच्या बोटावरून वळते ते बोट परत आपल्या जागी येत नाहीये. इथे पहिला संशय जुन्या, गोंदासारख्या झालेल्या तेलावर घ्या. पण त्याआधी एक सोपी तपासणी करा. उजव्या बाजूच्या पट्टीत नायलॉनचे नट दिसतात, ज्यांनी पेडल दाबलेल्या अवस्थेतला सूर मिळवतात. चौथ्या तारेचा चढवणारा नट अर्धा फेरा सैल करा. खुल्या तारेचा सूर खाली आला, तर तो नट जास्त आवळलेला होता आणि पेडल न दाबताच तारेला ओढून धरत होता. उतरवणाऱ्या नटाचं उलट: तो सैल केल्यावर खुली तार वर गेली तर तो जास्त आवळलेला होता.

माझा अनुभव असा की जुन्या वाद्यांत सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच. कुणीतरी कधीतरी घाईत नट आवळलेला असतो, मग त्याची भरपाई खुंटीने केलेली असते, मग खुंटीची भरपाई दुसऱ्या नटाने. अशा वाद्यात एकेक नट सुधारत बसू नका. सगळे नायलॉन नट सैल करा, पेडलापासून चेंजरपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक सळईला थोडी ढिलाई असल्याचं बघा, खुल्या तारा खुंट्यांनी मिळवा आणि मग एकेक पेडल दाबून नट आवळत या. तास-दीड तास जातो, पण नंतर नऊ महिने हात लावावा लागत नाही. हा क्रम ऑल-पुल यंत्रणेचा आहे, जिथे चढवणं आणि उतरवणं दोन्ही सळई ओढूनच होतं. तुमच्याकडे जुनं पुश-पुल (ओढून चढवणारं, ढकलून उतरवणारं) एमन्स असेल तर तिथे नट सैल करू नका. त्याची जुळवणी वेगळ्या क्रमाने होते, आणि ते काम जाणत्याच्या शेजारी बसून शिकावं.

नट ठीक असूनही बोट परत येत नसेल, तर चेंजर धुवायचा. लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था थोडं थोडं सोडून पेडलं दाबत राहायचं, खाली काळं पाणी गळतं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत नको. वाळल्यावर हलकं यंत्रतेल.

आता तिसरा निकाल: उतरवून सोडल्यावर तार उतरलेलीच राहिली. हा मात्र स्प्रिंगचा. उतरवणाऱ्या बोटाला त्याच्या आधाराला टेकवून ठेवायचं काम परतीची स्प्रिंग करते. ती कमजोर असेल तर आणखी एक गंमत होते. एफ चा लिव्हर दाबताना उतरवणारं बोटही आधारावरून हलतं, आणि तार एफ पर्यंत पोचतच नाही, कितीही नट आवळा. उजव्या बाजूने आत टॉर्च मारून लिव्हर दाबा. बोट हलताना डोळ्याला दिसतं. दिसलं तरच, आणि तेवढ्याच तारेची स्प्रिंग एक घर वाढवा. त्या दुकानातल्यासारख्या सगळ्या आवळू नका, कारण प्रत्येक वाढवलेल्या घराचं वजन तुमच्या गुडघ्यावर येतं.

आकडे दर वेळी वेगळेच येत असतील, काही नियमच लागत नसेल, तर तारा नवीन आहेत, किंवा एखादा स्क्रू सैल आहे, किंवा वाद्य थंड गाडीतून नुकतंच घरात आलंय. पेटी उघडून अर्धा तास थांबा आणि मग चाचणी करा. मी हा अर्धा तास वाचवायला जाऊन कितीतरी संध्याकाळी घालवल्या आहेत.

पेटीचं वाकणं

यंत्र स्वच्छ, चौथी तार बिनचूक परत येते, तरी ए आणि बी पेडल दाबल्यावर कॉर्ड आंबट. आता चौथी तार छेडा, ट्यूनर बघत राहा आणि ती दोन पेडलं दाबा. दोन्ही पेडलांचा चौथ्या तारेशी काही संबंध नाही. तरी आकडा खाली जाईल. चार तारांचा ताण वाढला, शिवाय पायाचा जोर पेटीला खाली ओढतो; पेटी, आस, सगळं केसाएवढं वाकतं आणि न दाबलेल्या तारा सैल पडतात. याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात.

माझ्या वाद्यात तो 5 सेंट आहे. थोडाफार प्रत्येक वाद्यात असतोच. तो दहाच्या पुढे गेला तर चेंजरचे आणि पायांचे स्क्रू तपासा, कारण पेटी एवढी वाकत असेल तर काहीतरी सुटलेलं असण्याची शक्यता जास्त. दोन-पाच सेंटचा असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. तो दुरुस्त करायचा नसतो, हिशोबात धरायचा असतो.

सुरांचा हिशोब

इथे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कान तयार झालेल्या माणसाला थोडा फायदा मिळतो. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हार्मोनियमच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो. ट्यूनरची सुई मधोमध आणली म्हणजे तुम्ही हार्मोनियमचा गंधार लावला. पियानोत तो खपून जातो. पेडल स्टीलवर तीन तारा लांबवर घुमत राहतात, आणि तिथे तो चढा गंधार टोचतो.

ई शून्यावर धरून हिशोब मांडू. ई कॉर्डचा गंधार जी शार्प, म्हणून तो −14 वर. पंचम बी +2 वर. आता ए आणि बी पेडलं दाबली की षड्ज झाला ए, आणि ई त्याचा पंचम. पंचम शुद्ध हवा तर ए −2 वर. त्याचा गंधार सी शार्प आणखी 14 खाली, म्हणजे −16. पुढे ए पेडल आणि एफ चा लिव्हर एकत्र: सी शार्प कॉर्ड. षड्ज −16 वर आहेच. त्याचा गंधार म्हणजे लिव्हरवरचा एफ, तो चक्क −30. पंचम जी शार्प, −16 अधिक 2 म्हणजे −14. खुल्या कॉर्डसाठी लावला होता तोच! पहिल्यांदा हे कागदावर जुळलं तेव्हा मी उठून चहा टाकला. उतरवलेला डी शार्प −12 वर ठेवा. तो बी चा गंधार आणि जी शार्पचा पंचम अशा दोन्ही नात्यांत बसतो.

एफ −30 वर ऐकून लोक दचकतात. ट्यूनर लाल दिसतो, आणि ते नट आवळून त्याला शून्यावर आणतात. मग ए पेडल आणि लिव्हरचा कॉर्ड किंचाळतो, आणि दोष वाद्याला. ट्यूनरकडे पाठ करा आणि हा एक सूर तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या तारेबरोबर कानाने लावा. सुरांचं डोलणं थांबलं की झालं.

आता वाकणं यात मिसळा. माझ्याकडे पेडलं दाबल्यावर ई 5 सेंट उतरतो. म्हणून मी खुला ई +3 वर लावतो: पेडल वर असताना +3, दाबल्यावर −2, दोन्हीकडे थोडं थोडं. बाकी सगळं त्यासोबत तीन सेंट वर: जी शार्प −11, बी +5. मात्र ए आणि सी शार्प मी दोन्ही पेडलं दाबून, त्या क्षणी −2 वर असलेल्या ई शी जुळवतो, म्हणजे ते −4 आणि −18 वर येतात. जेफ न्यूमन हे नॅशव्हिलकडचे नावाजलेले शिक्षक होते; त्यांच्या ट्यूनिंग तक्त्यांत आकडे तारेगणिक वेगळे का दिसतात, ते इथे उलगडतं. पण दुसऱ्याचा तक्ता दुसऱ्याच्या पेटीचा असतो. तुमची पेटी किती वाकते ते मोजल्याशिवाय उतरवून घेऊ नका.

कुणी म्हणेल, बार सरकवून सूर सांभाळता येतो की. सबंध कॉर्ड वर-खाली करता येतो, हे खरं. पण सरळ बार सगळ्या तारांना एकत्रच हलवतो. गंधार षड्जापासून दूर पडलेला असेल तर बार त्या दोघांनाही सारखंच सरकवतो. वाद्य बँडच्या तुलनेत दोन सेंट इकडेतिकडे असलं तर बार वाचवतो. आपसातलं भांडण मात्र नटांनीच मिटवायचं. आणि ते या वाद्यात लपत नाही, कारण बदल ऐकणाऱ्याच्या देखत होतो. 1954 साली गाजलेल्या, कंट्री गायक वेब पिअर्स यांच्या एका गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार घुमत असतानाच पेडल दाबलं, आणि तो घसरत जुळणारा कॉर्ड या वाद्याची ओळख बनला. त्यांच्या एकाच पेडलवर आजच्या ए आणि बी चे दोन्ही बदल होते; ते पुढे दोन पेडलांत वाटले गेले. श्रोता ज्या क्षणी कान टवकारतो त्याच क्षणी आपण गंधार बदलत असतो.

उरलेल्या किरकोळ गोष्टी

ए पेडल दाबताना पाचवी तार आधी पोचते आणि दहावी मागून रेंगाळते, असं होत असेल तर ते नायलॉन नटाचं काम नव्हे. वाद्य उलटं करून दहाव्या तारेची सळई बेलक्रँकच्या (शाफ्टवर बसवलेल्या, सळई ओढणाऱ्या छोट्या भुजेच्या) शाफ्टपासून लांबच्या छिद्रात घाला, किंवा चेंजरच्या आसाजवळच्या छिद्रात. दोन्हींनी तार लवकर पोचते आणि पेडल थोडं जड होतं. एका वेळी एकच सळई हलवा, आणि आधी फोटो काढा.

तिसरी तार, 0.011 ची, वारंवार तुटत असेल तर तुटलेलं टोक कुठे आहे बघा. चेंजरच्या वळणावर तुटत असेल तर तिथे तारेने चर पाडलाय. अगदी बारीक पॉलिश पेपरने तो गुळगुळीत करा. ती तार अधूनमधून तुटायचीच. पिशवीत चार जास्तीच्या ठेवा.

सहावी तार एफ शार्पपर्यंत उतरवत असाल आणि ती काही केल्या नीट परतत नसेल, तर ती गुंडाळलेली 0.022 आहे का बघा. पूर्ण स्वर उतरायला तिला लांबचा पल्ला लागतो आणि परतताना ती हटकून चुकते. साधी 0.020 घाला. तारेचा पोत जरा बदलतो, पण पाय आणि कान दोघांचा त्रास वाचतो. तार बदलली की तिचे दोन्ही नायलॉन नट आणि नटावरचं चाकही पुन्हा बघायला लागतील.

आणि सातवी तार. तिचा एफ शार्प बी च्या पंचमासाठी +4 वर हवा, आणि ए पेडलच्या सी शार्पबरोबर षड्ज म्हणून वाजवायचा तर −18 वर. मधे 22 सेंटची दरी, आणि तार एकच. काहीजण हा सूर थोडा उतरवणारी एक जास्तीची सळई ए किंवा बी पेडलला जोडतात, काहीजण मधला सूर धरून गप्प बसतात. मी ती तार −7 च्या आसपास ठेवतो, आणि सी शार्पबरोबर एकटी कधी सोडत नाही.